कोरी चौकट

वाळूवाल्यांनी बातमीदार घोलपला ट्रकखाली चिरडलं, आणि पेपरच्या मालकांनी बजावलं, "अपघात म्हणून छापा, नाहीतर छापूच नका."

खोटं लिहिण्यापेक्षा संपादक कुलथ्यांनी निषेध म्हणून अग्रलेखाची चौकट कोरीच सोडली. आणीबाणीत याच पेपरानं अशी चौकट छापली होती, तेव्हा अख्खं गाव हार घेऊन कचेरीत लोटलं होतं.

सकाळपासून कुलथे कचेरीचं दार सताड उघडं टाकून बसले. दुपार कलली, तरी चिटपाखरू फिरकलं नाही. मग एकदाचा फोन वाजला. घोलपची बायको होती.

"साहेब, एवढी जागा मोकळी होती," ती म्हणाली. "ह्यांच्यावर दोन ओळी लिहायला काय झालं होतं तुम्हाला?"