सामान एकटं सोडायचं नाही

“बरणी काढ ती. कोलंबोच्या क्रूझवर निघालोय, लेकीच्या बाळंतपणाला नाही,” म्हणत नवऱ्याने लोणचं बॅगेतून उचलून ओट्यावर आपटलं. एलिफंटाच्या लाँचपलीकडे त्याने समुद्र पाहिला नव्हता; पण महिनाभर व्हिडिओ बघून तो कप्तान झाला होता.

“पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवूया का?”

“चोर आधी पिशवीच मारतात. अक्कल गहाण टाकलीस का? मोठ्या बॅगेत ठेव, कुलपात. आणि परक्या ठिकाणी सामान एकटं सोडायचं नाही, कळलं?”

“बरं,” ती म्हणाली. लग्नापासून हेच म्हणत आली होती. त्याचा पासपोर्ट तिने कुलपात ठेवला, स्वतःचा पर्समध्ये.

बंदरावर हमालांनी मोठ्या बॅगा ताब्यात घेऊन जहाजावर चढवल्या. मग काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट मागितले.

“बॅग आता खाली येणार नाही, सर. आणि पासपोर्टशिवाय तुम्ही वर जाऊ शकत नाही.”

तो बायकोवर खेकसला, “बघत काय बसलीस? चल घरी!”

“अहो, असं कसं?” तिने आपला पासपोर्ट काउंटरवर ठेवला. “वर सामान एकटं आहे.”