आर्ट्स म्हणजे आर्ट्स

“आर्ट्स म्हणजे आर्ट्स! ह्या घरात माझा शब्द चालतोय!”

तात्यासोंनी खताच्या पोत्यावर थाप मारली, तशी दुकानातली तिन्ही गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

“मी सायन्सलाच जाणार, आप्पा,” ऐश्वर्या म्हणाली. काउंटरपलीकडं ती कमरेवर हात ठेवून उभी होती. पोरीला दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले होते आणि आवाज तर त्याच्याही वरचा होता.

“तुला झेपायचं न्हाय सायन्स.”

“झेपवून दाखवते!”

तात्यासोंनी तोंड फिरवलं, ते हसू लपवायला.

कारण खरी गोष्ट उलटीच होती. तात्यासोंना पोरीला डॉक्टर करायचं होतं. जयसिंगपुरात त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान झकास चाललं होतं, पण चुलत्याच्या घरात दोन डॉक्टर आणि आपल्या घरात एकही नाही, हे त्यांना बारा वर्षं सलत होतं. निकाल लागायच्या आधीच त्यांनी सांगलीतल्या, मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेच्या क्लासात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

पण हे तिला सांगायची सोय नव्हती. ऐश्वर्याची खोपडी जन्मापासून उलटी. टाकीवर चढू नको म्हटलं की चढलीच. ती आठवीत असताना ते सहज म्हणाले, “संस्कृत घेऊ नको, जड जातंय,” आणि दुसऱ्या दिवशी बाईसाहेब संस्कृतच्या वर्गात. त्या दिवशी तात्यासोंना किल्ली सापडली. हिला पूर्वेला पाठवायची, तर रस्ता पश्चिमेचा दाखवायचा.

बायकोला, राजमतीला, ही युक्ती ठाऊक होती. ती एवढंच म्हणाली होती, “पोरगी तुमचीच हाय, ध्यानात ठेवा.” तात्यासोंनी ते कौतुक म्हणून घेतलं.

अकरावीचे ऑनलाइन फॉर्म शाळेत आकाराम सर भरून देत होते. दहा कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा. पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यायलाच लागायचा, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. हा नियम तात्यासोंना भारी आवडला. एकदा पोरीनं रागाच्या भरात सायन्स टाकलं, की तिला मागं फिरायला वाट नाही.

“तात्या, पोरगी म्हणतीया तर जाऊ द्या की,” गिऱ्हाइकांतली झुंबरबाई मध्ये पडली. तिचा ऐश्वर्यावर जीव होता. मागच्या साली तिचं सोयाबीन उगवलं नव्हतं आणि कंपनीचा माणूस नुसता गोड बोलून टोलवत होता. तेव्हा ह्या पोरीनंच, बापाच्या दुकानात बसून, बापानं विकलेल्या बियाण्याची तक्रार लिहिली होती. “तोंडी बोलण्याला किंमत न्हाय, झुंबरमावशी. लिहून घ्यायचं आणि साक्षीदार घ्यायचे,” असं वर शिकवलंही होतं. पंधरा दिवसांत झुंबरबाईच्या दारात नवीन पिशव्या आल्या. तात्यासोंना आठ दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

“तुम्ही गप ऱ्हावा, मावशी,” तात्यासो गरजले. “आर्ट्स!”

ऐश्वर्यानं काउंटरवरचं दुकानाचं लेटरहेड ओढलं आणि पेन त्यांच्यापुढं आपटलं.

“लिहून द्या.”

“काय लिहून द्या?”

“तुम्ही मला आर्ट्सला घालताय म्हणून. उद्या मी डॉक्टर झाले की हाच कागद फ्रेम करून दवाखान्यात लावते. येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटला कळू दे, माझा बाप काय म्हणत होता ते!”

दवाखाना! तात्यासोंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोरीनं गळ पार पोटात घेतला होता. त्यांनी मुद्दाम ठळक अक्षरात लिहिलं: माझी मुलगी ऐश्वर्या हिने अकरावीला आर्ट्सलाच प्रवेश घ्यावा, अशी माझी इच्छा आहे. खाली झोकात सही केली.

“साक्षीदार?” ऐश्वर्या म्हणाली.

झुंबरबाईनं अंगठा दिला. बाकीच्या दोघांनी सह्या ठोकल्या. ऐश्वर्यानं कागदाची नीट घडी घातली. तिचे डोळे भरून आले होते. रागानं असणार, तात्यासोंना वाटलं. लेकीशी असं खोटं वागणं बरं नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. पण डॉक्टर झाली की सगळं सांगून टाकू, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

पहिली यादी लागली त्या दिवशी तात्यासो पेढ्यांचा बॉक्स घेऊनच शाळेत गेले. ऐश्वर्या आधीच पोचली होती.

“पेढे द्या, तात्यासो. पयला नंबरच लागला!” आकाराम सर म्हणाले.

“लागणारच हो!” तात्यासोंनी बॉक्स उघडला. “मी आर्ट्स आर्ट्स म्हणून बोंबललो म्हणून तर तिनं सायन्स भरलं. उलट्या खोपडीला उलटंच औषध लागतंय, सर.”

सरांचा पेढ्याकडं गेलेला हात तिथंच थांबला.

“सायन्स कुठलं? कोल्हापूरचं आर्ट्स लागलंय की. धाच्या धा नंबर आर्ट्सचेच भरल्यात तिनं.”

“आणि तुम्ही भरू दिलं?”

“मी दोनदा माघारी धाडली तिला. चौऱ्याण्णव टक्क्यांची पोरगी, वकील व्हायचं म्हणून आर्ट्सला जाते म्हणतीया. म्हटलं, बापाचं लेखी आण, मग भरतो.” सरांनी फाईल उघडली. दुकानाचं लेटरहेड. ठळक अक्षर. झोकदार सही. त्याखाली झुंबरबाईचा अंगठा.

“बदला की सर, हात जोडतो.”

“आता कसलं बदलतंय? पयला नंबर लागलाय. नियम तुम्हाला ठावं हाय न्हवं?”

ऐश्वर्यानं वाकून बापाच्या पायाला हात लावला आणि बॉक्समधला एक पेढा उचलला.

“सोळा वर्षांत एकदा तरी तुमचं ऐकावं म्हटलं, आप्पा.”