सूर्यचुलीची राखण

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं उस्मानपुऱ्यात रॉकेल मिळेना आणि बानाबाईच्या बिरूला लग्नासाठी बघायला आलेले लासूरचे पाहुणे घरातच अडकले, तेव्हा तिनं अंगणात सूर्यचुलीची काचेच्या झाकणाची पेटी मांडून डाळ ठेवली. झाडं वाचवायची तर उन्हावर रांधा, हा धडा तिला प्रौढवर्गात, नातीला शाळेत आणि बिरूला कॉलेजात मिळालेला. तिघांनाही एक गोष्ट पक्की पाठ होती: झाकण उघडायचं नाय. म्हणून कुणी उघडू नये यासाठी तिघंही सकाळपासून पेटीवर ओणवून राखण करत बसली.

दुपार झाली. काचेखाली डाळ होती तशीच कच्ची.

"आये, चूल बिघडली का काय?" बिरूचा चेहरा पडला. आत पाहुणे खाकरत होते.

तेवढ्यात दारची शेळी आली, तिघांच्या मधे घुसून पेटीला टेकून बसली आणि डोळे मिटून निवांत रवंथ करू लागली. बानाबाईला हसू आवरेना.

"सरका रं सगळे. आपली शेळी उन्हात बसती का कधी?"