फोटोपुढचा दाइफुकू

चिझुरूच्या आईने बाबांना इन्सुलिन टोचून टोचून सांभाळलं; शेवटच्या दिवशीही त्यांच्या हातातला दाइफुकू, तो सारण भरलेला तांदळाचा मऊ गोड गोळा, तिने काढून घेतला. वर्षश्राद्धाला तिने फोटोपुढे दाइफुकूच ठेवला.

संध्याकाळी ताटलीकडे रोखून बघत ती म्हणाली, "चिझुरू, यांनी खाल्ला गं! राग गेला म्हणायचा. थांब, चाचपून बघते."

दाइफुकू जागेवरच होता. म्हातारपणी आईच्या नजरेचा मधला भागच गेला होता. सरळ बघेल तेच तिला दिसत नसे.

बाबांचा मधुमेह चिझुरूलाही होता. तरी आईचा हात पोचायच्या आत तिने तो उचलून तोंडात कोंबला.

चावण्याचा आवाज ऐकून आई शहारली.



मग फोटोकडे वळून हळूच म्हणाली, "सावकाश खा हो. आता नाही काढून घेणार मी."