सोवळ्यातली आजी

दिशाला सुप्याच्या कंपनीत काम लागलं, तेव्हा दोन वर्षांच्या आरुषला सांभाळा म्हणून तिने सासूबाईंची परोपरीने विनवणी केली. "माझं पारायण, माझं सोवळं. पोर येऊन शिवतंय. मला न्हाई जमायचं," म्हणत त्यांनी पुन्हा पोथीत डोकं घातलं. पाळणाघर पगारात बसेना. शेवटी शेजारच्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या कृपाकाकूंनी एक पैसा न घेता पोर मांडीवर घेतलं.

पण आता काकू लेकीच्या बाळंतपणाला कोपरगावला निघाल्या होत्या. दुसरं कुणी मिळालं नाही, तर दिशाला काम सोडावं लागणार होतं.

त्याच आठवड्यात घरी सत्यनारायण होता. सगळी भावकी जमली होती. आरती संपली आणि आरुषने हात जोडून, डोळे घट्ट मिटून खणखणीत आवाजात म्हटलं, "आमेन."

चुलतसासूने तोंडाला पदर लावला. "नातवाला लईच चांगलं वळण लागलंय की. दिवसभर असतोय कुणापाशी?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "उद्यापासून पोरगं माझ्यापाशी ऱ्हाईल," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या.

"पण आत्या, तुमचं सोवळं?" दिशाने अगदी मऊ आवाजात विचारलं.

"ऱ्हाऊ दे ते सोवळं."

दिशाने खाली मान घालून प्रसाद घेतला.



कृपाकाकूंनी कधीच न शिकवलेला तो शब्द तिनेच आठ दिवस, वरणभाताच्या घासाघासाला, पोराकडून घोकून घेतला होता.