अंग धरलं

वजनकाट्याचा आकडा बेचाळीसवर थांबला. इंदुताईने रंजीताला खाली उतरवून पुन्हा चढवलं. पुन्हा बेचाळीसच.

अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेल्या सिस्टरने मोबाईलमध्ये उंची आणि वजन भरलं. पडद्यावर हिरवी चौकट उमटली. बीएमआय अठरा पॉइंट सात. नॉर्मल.

"दोन महिन्यांत सहा किलो," सिस्टर म्हणाली. "इंदुताई, हिचं नाव कमी वजनाच्या यादीतून काढून टाका."

इंदुताई त्या गावची आशाताई. तिने आनंदाने रेघ ओढली. ती यादी दर महिन्याला वाढायची. नाव कमी झाल्याचं तिला आठवत नव्हतं.

रंजीताचा नवरा इसरू दारातच उभा होता. आकडा ऐकून तो खाली बघून हसत राहिला. मागच्या वर्षी त्यांचं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. आईचंच वजन छत्तीस किलो, बाळाला कुठून मिळणार, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आधी हिचं वजन वाढवा, मग पुढचं बघा. तेव्हापासून इसरू रोज संध्याकाळी गावच्या तळ्यावर, बोडीवर, गळ टाकून बसायचा. मासोळी लागली नाही तर अंडी आणायचा. रंजीता ताटात पडेल ते संपवायची. वजन हलायचं नाही. इसरूचं बोलणं कमी होत गेलं. घरात भांड्यांचा तेवढा आवाज उरला.

मग यंदा धानाची रोवणी संपता संपता रंजीताचे गाल वर आले. पुढच्या महिन्यात चेहरा गोल झाला. नळावरच्या बाया म्हणाल्या, इसरूच्या बायकोनं अंग धरलं. सासूने मीठमोहरी उतरवून टाकली. इसरू परत बोलायला लागला.

"इंदुताई, घरी चाला. च्या पिऊन जा," तो म्हणाला. "तुमच्याच्यानं झालं हे."

घर चार पावलांवर होतं. तेवढ्यात रंजीता दोनदा थांबली. इसरू चहा ठेवायला स्वतः चुलीपाशी गेला. रंजीता भिंतीला टेकून बसली आणि तिने लुगड्याचा काठ पायांवर ओढून घेतला. तिला श्वास पुरत नव्हता. इंदुताईला काठाखालून तिच्या पायांची बोटं दिसली. त्यांत जोडवी नव्हती.

"जोडवी कुठी गेली व?"

"रोवणीच्या वक्ती बांधीतल्या चिखलात हरवली, ताई."

"दोनी पायाची?"

रंजीताने पाय आणखी आत ओढले. इंदुताई तिच्यापुढे बसली. तिने काठ वर सारला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. तिने दुसरा पाय दाबून पाहिला. तिथेही तसंच. चुलीपाशी इसरू आईला सांगत होता, पुढच्या वर्षी घरात लेकरू राह्यते, पाह्य. इंदुताईचा हात तसाच नडगीवर राहिला. दोन महिने ती या बाईला काट्यावर उभी करत होती, आणि दोन महिने तिने फक्त आकडा वाचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने ते तिघे ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात गेले. रक्त, लघवी, सोनोग्राफी झाली. दुपारी डॉक्टरांनी इसरूला आणि इंदुताईला आत बोलावलं.

"दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "अंगात पाणी साचलंय. फुप्फुसांपर्यंत गेलंय."

इंदुताईने मोबाईल पुढे केला. "सर, काल तर बीएमआय नॉर्मल आला होता."

डॉक्टरांनी हिरवी चौकट पाहिली. "काट्याला मांस आणि पाणी वेगळं कळत नाही, ताई. पाणी काढलं तर ही छत्तीसचीही भरायची नाही. आत ती वाळतच चाललीय."

"म्या तर रोज खाऊ घालत होतो, साहेब," इसरू म्हणाला.

"तुमच्या खाऊ घालण्याचा दोष नाही. सूज आली तेव्हाच आणायला हवं होतं. दोन महिन्यांआधी औषधावर भागलं असतं कदाचित. आता डायलिसिस करू, पण हृदयही थकलंय. फार आशा धरू नका."

इसरू बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसला. इंदुताई एकटीच वॉर्डात गेली. रंजीता उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिचा जीव घाबरा व्हायचा. तिने इंदुताईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं.

"सूज होये हे, तुले समजलं नाई काय व?" इंदुताईने तिचा हात धरला.

"पह्यल्याच हप्त्यात समजलं. रोज पायावर बोट दाबून पाहत होती मी."

"मंग सांगितलं काऊन नाई, बाई?"

रंजीताने दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नाही असं बघून ती हळू आवाजात म्हणाली, "लेकरू गेल्यापासून पह्यल्यांदा हासले होते ते, ताई. म्हटलं, अजून चार दिवस हासू द्यावं."