अठ्ठावीस इंच

टेबल दारात अडकून पाऊण तास झाला होता. आडवं करून झालं, उभं करून झालं, तिरकं घालून झालं. दाराची झडपसुद्धा उतरवून भिंतीला टेकवून झाली. टेबलाची उंची तीस इंच आणि दार अठ्ठावीस. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यासमोर ते पाय पसरून पडलं होतं. त्याच्या आतल्या बाजूला आई आणि दोन पोरं, बाहेरच्या बाजूला बाप, दोन हमाल आणि चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा, ज्यांना फक्त आपल्या घरी जायचं होतं.

आजोबांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"एखादा सुतार बोलवा की," ते म्हणाले.

हमालाने गुपचूप बापाकडे बोट दाखवलं. आजोबांनी पिशवी परत पहिल्या हातात घेतली.

बाप खरंच सुतार होता. लोकांची कपाटं करताना आधी जिना मोजायचा, मग दार, आणि मगच लाकडाला हात लावायचा. हे टेबल मात्र त्याने लग्नाच्या वर्षी स्वतःच्या घरासाठी केलं होतं, एकही स्क्रू न मारता, पाय सुटणार नाहीत असे बसवून, आणि त्यानंतरची तिन्ही घरं तळमजल्याची, रुंद दारांची निघाली. मागच्या आठवड्यात तो हे घर बघायला आला तेव्हा पडद्यांसाठी खिडक्या तेवढ्या मोजून गेला.

आत सगळीकडे खोकी. दीड वर्षाचा धाकटा एका रिकाम्या खोक्यात बसून चिकटपट्टी चावत होता. सात वर्षांची थोरली भिंतीला टेकून उभी होती. सकाळपासून तिने पाठीवरचं दप्तर उतरवलं नव्हतं. त्यात तिची पुस्तकं होती, एका कानाचा ससा होता आणि आधीच्या तिन्ही घरांजवळ गोळा केलेले दगड होते.

"काढ गं ते आता," आई म्हणाली. "आलो आपण."

"परत भरावं लागतं."

"आता नाही जायचं कुठे."

"मागच्या वेळी पण तू हेच म्हणालीस."

म्हणाली होती. त्याच्या मागच्या वेळीही म्हणाली होती, आणि पोरीने दोन्ही वेळा दप्तर रिकामं करून खिडकीत दगड मांडले होते. आईला ते लागलं. उद्यापासून ती शहराच्या बसवर चालक म्हणून रुजू होणार होती. नोकरी कायमची होती, वणवण संपवणारी. पण 'कायमची' या शब्दावर पोरीचा काडीचा विश्वास उरला नव्हता, आणि तो कुठून परत आणायचा ते आईला कळत नव्हतं.

"ताई, पाचला ट्रक दुसरीकडे लावायचाय," हमाल म्हणाला. "हे खाली गेटपाशी ठेवतो. नेईल कोणीतरी."

"ठेवा," बाप म्हणाला. त्याने बायकोकडे बघितलं नाही. "दुसरं करीन मी."

आई आत गेली. हत्यारांचं खोकं उपसून तिने करवत काढली आणि टेबलावरून त्याच्यापुढे धरली.

"मधून काप."

"वेड लागलंय का तुला? सलग फळी आहे ती."

"सलग जात नाही ना आत? मग दोन तुकड्यांत जाईल. माझं टेबल रस्त्यावर राहणार नाही. तुला होत नसेल तर मी कापते."

तिने त्याच्या कानावरची पेन्सिल ओढली आणि टेबलाच्या मधोमध अंदाजाने रेघ मारली. बापाने रेघेकडे पाहिलं.

"वाकडी आहे," तो म्हणाला. त्याने कमरेची टेप काढली, दोनदा मोजलं, गुण्या लावून नवी रेघ आखली आणि करवत हातात घेतली.

कापताना त्याला रडू येत होतं. कोणी बघितलंच तर लाकडाच्या भुशावर ढकलता आलं असतं, पण त्याने तेही केलं नाही. नाक ओढत कापत राहिला. टेबलाचे दोन भाग झाले आणि एकेक भाग, आधी दोन पाय आत घालून मग फळी वळवून, अलगद दारातून आत गेला.

"सरळ कापलंत हो," आजोबा म्हणाले आणि दूध घेऊन वर गेले.

हमाल गेल्यावर बापाने खोलीच्या मध्यभागी दोन्ही भाग उलटे ठेवून कडा जुळवल्या. खालून जोडायला लाकडाच्या दोन पट्ट्या काढल्या.

"स्क्रू मारू की गोंद लावू?" त्याने बायकोला विचारलं. "स्क्रू मारले तर पुढच्या वेळी सोडवून नेता येईल. गोंदाने जोडलं तर हे या खोलीतून बाहेर निघायचं नाही."

आई उत्तर द्यायला वळली, तर मधे पोरगी उभी होती. तीही उत्तराची वाट बघत होती.

"गोंद," आई म्हणाली. "कडांना लाव आणि पट्ट्यांनाही लाव."

"बघ हं. नंतर म्हणशील..."

"गोंद लाव."

त्याने हात आखडता न घेता गोंद लावला. पट्ट्या जागेवर बसवल्या. पोरगी वाकून बघत होती.

"आता सुटणारच नाही?"

"करवत लावल्याशिवाय नाही," बाप म्हणाला. "पण सकाळपर्यंत वर वजन पाहिजे. जड काय आहे बघा."

आईने भांड्यांचं खोकं ओढत आणून एका पट्टीवर ठेवलं. दुसऱ्या पट्टीसाठी बाप खोलीभर नजर फिरवत होता, तेवढ्यात पोरीने एका खांद्यावरून पट्टा काढला, मग दुसऱ्यावरून. दप्तर तिने दोन्ही हातांनी उचलून पट्टीवर नीट मधोमध ठेवलं आणि वरून दाबलं.

"यात दगड आहेत," ती म्हणाली.